डबा झोपतो का, ते आधी बघा: एन१०० प्रोसेसरवरचं घरगुती स्टोरेज, अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी माशेलचा चिखलकाला आटोपून घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आदल्या दिवशी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात सुरू झालेलं चोवीस तासांचं भजनही आम्हीच टिपलं होतं. तीन कॅमेऱ्यांची मिळून नऊ कार्डं जमली होती. हात धुतले, कार्डांवरचा चिखल पुसला, पहिलं कार्ड कॉपीला लावलं आणि वीज गेली. इन्व्हर्टरने घर उचललं, पण दोन तासांत तोही ओरडायला लागला. पाच कार्डं उतरली होती, चार राहिली होती. ती आम्ही लॅपटॉपच्या बॅटरीवर, बाहेरच्या डिस्कवर, मेणबत्तीच्या उजेडात उतरवली. रात्री दीडला शेवटचं कार्ड संपलं.

फोंड्याजवळ माझा आणि धाकट्या भावाचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं आणि मुंजी यांवर घर चालतं. जीव मात्र जत्रा, काले, दशावतार आणि मराठी नाट्यस्पर्धेतल्या नाटकांत. बावीस वर्षांचं चित्रण जमलं आहे, १४ टेराबाइटच्या पुढे. पेडण्याकडच्या एका दशावतारी मंडळाच्या रेकॉर्डिंगमधले दोन जुने कलाकार आता नाहीत, आणि त्यांचा आवाज फक्त आमच्या डिस्कवर आहे. म्हणून हे साठवण माझ्यासाठी ऑफिसातल्या यंत्रापेक्षा देवघराच्या जवळचं.

तेव्हा ते सगळं एका वापरलेल्या सर्व्हरवर होतं. दोन प्रोसेसरांचा, पणजीतल्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदार म्हणाला होता, चोवीस तास चालायला बनवलेलं मशीन आहे, बिनधास्त ठेवा. चालला खरा. पण चिखलकाल्यानंतर भाच्याने प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला तेव्हा कळलं की काही म्हणजे काही काम नसताना, चार डिस्कसकट, तो १६८ वॉट ओढतोय. महिन्याला १२१ युनिटं, फक्त जागं राहण्यासाठी. शिवाय खोली तापायची म्हणून एसी, त्याचा हिशेब वेगळाच.

चवथीच्या आधी आम्ही तो बाजूला केला आणि नवीन यंत्र जोडलं. घरात 'पेटी' म्हटलं की भजनाची हार्मोनियम, म्हणून या यंत्राला सगळे 'डबा' म्हणतात. हे परीक्षण त्या डब्याचं: इंटेल एन१०० प्रोसेसर बसवलेला छोटा बोर्ड, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही स्टोरेज सांभाळणारी, फुकट मिळणारी प्रणाली, १६ जीबी मेमरी, प्रणालीसाठी एक लहान एनव्हीएमई (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क), आणि जुन्याच चार साडेतीन इंची डिस्क. डिस्क सोडून सगळं मिळून २६ हजारांच्या आसपास गेले.

आधी प्रोसेसरबद्दल, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. एन१०० हा २०२३च्या सुरुवातीला आलेला चार कोअरचा, म्हणजे आत चार काम करणारे भाग असलेला, चिप. खोक्यावर ६ वॉट लिहिलेलं असतं. ते वाचून मी खूश झाले होते, पण त्या आकड्याचा अर्थ मला नंतर कळला. ६ वॉट ही उष्णतेची रचना करताना धरलेली मर्यादा, घरच्या मीटरवरचा आकडा नव्हे. थोड्या वेळासाठी तो त्याहून बराच जास्त ओढू शकतो, आणि निवांत असताना त्याहून बराच कमी. स्टोरेजच्या यंत्राचं आयुष्य कसं असतं ते बघा: दिवसातून एखाद-दोन तास कॉपी, थोडा वेळ जुनं फुटेज शोधणं, आणि उरलेले वीसेक तास काहीच नाही. म्हणजे बिल ठरतं ते धावताना किती खातो यावर नव्हे, तर काम नसताना किती गाढ झोपतो यावर.

या झोपेला पायऱ्या आहेत, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ म्हणजे डुलकी, दोनेक मायक्रोसेकंदांत जाग. सी६, सी८, सी१० अशा खाली जावं तसा प्रोसेसर एकेक भाग बंद करत जातो, कॅश ही आतली छोटी मेमरी रिकामी करतो, व्होल्टेज उतरवतो. कोअर स्वतंत्रपणे झोपतात. पण चिपचा सामायिक भाग, ज्याला पॅकेज म्हणतात, तो तेव्हाच खोल झोपतो जेव्हा सगळे कोअर झोपलेले असतात आणि त्याला जोडलेली उपकरणंही 'आम्हाला आता काही नको' असं सांगतात. नाटक संपल्यावर रंगमंदिराच्या राखणदाराचं असंच असतं. प्रेक्षक गेले, नट गेले, दिवे उतरवले, पण मेकअपच्या खोलीत एक माणूस दाढी काढत बसला असेल तर राखणदाराला कुलूप लावता येत नाही. तो जागाच.

आमच्या डब्यात दाढी काढत बसलेला माणूस होता.

डबा जोडून पहिल्या दिवशी मोजलं तर ४१ वॉट. १६८ वरून ४१, मला तेवढ्यावरच पेढे वाटायचे होते. भाचा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, त्याचं समाधान होईना. त्याने पॉवरटॉप नावाचं साधन चालवलं. पॅकेज कुठल्या पायरीवर किती टक्के वेळ असतं ते त्यात दिसतं. सी२ वर जवळजवळ सगळा वेळ, खालच्या सगळ्या पायऱ्यांवर शून्य. "मावशी, हा झोपतच नाही गो! नुसता डोळे मिटून पडलाय."

बोर्डावर सॅटाची, म्हणजे डिस्क जोडायची, दोनच पोर्ट. चार डिस्क लावायच्या म्हणून मी ऑनलाइन एक स्वस्त विस्तार-कार्ड मागवलं होतं. पहिल्या संध्याकाळी भाच्याने बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगांत, जाऊन एएसपीएम चालू केलं. ही पीसीआय-एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डं प्रोसेसरला जोडणाऱ्या, तारांना काम नसताना निजवायची सोय, आणि आमच्या बोर्डावर ती मुळात बंदच होती. फरक पडला नाही. मग पॉवरटॉपचा आपोआप सुधारणा करण्याचा पर्याय. नेटवर्क चिप शांत झाली, वॉट एकने उतरला, पॅकेज तरीही सी२. दुसऱ्या संध्याकाळी तो म्हणाला, आता एकेक वस्तू काढून बघू. एनव्हीएमई काढला आणि पेनड्राइव्हवरून चालू केलं, काही नाही. तो परत बसवून सॅटा कार्ड काढलं, आणि पडद्यावर सी८च्या ओळीत आकडा उगवला. ऐंशी टक्क्यांच्या वर. त्या क्षणी भाच्याने मला स्वयंपाकघरातून बोलावलं, ती हाक अजून कानात आहे.

कार्डावरच्या चिपला तारेची गाढ झोप घेताच येत नव्हती, म्हणून तिच्यामुळे प्रोसेसर जागा. कार्ड स्वतः जेमतेम दोनेक वॉट खात असेल, पण त्याने बाकी सगळ्यांना जागवून ठेवलं होतं. ते बदलून आम्ही एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं कार्ड लावलं. त्या चिपला एएसपीएम नीट जमतं. डिस्क फिरत असताना निवांत वापर ४१ वरून ३० वॉटवर आला. अकरापैकी दहा वॉट, एका कार्डाच्या बदलाने. विकत घेणाऱ्याला मी पहिली गोष्ट हीच सांगेन: प्रोसेसरचं नाव बघण्यात जेवढा वेळ घालवता, तेवढाच विस्तार-कार्डावरची चिप कोणती आहे हे बघण्यात घाला. विक्रीच्या पानावर 'सहा पोर्ट, प्लग अँड प्ले' एवढंच लिहिलेलं असतं. चिपचा क्रमांक विचारून घ्या. सांगत नसतील तर ते कार्ड घेऊ नका.

आता वेगाबद्दल. प्रोसेसर जागा असताना कुठल्या वेगाने चालायचं हे प्रणालीतला गव्हर्नर नावाचा भाग ठरवतो. आमच्या प्रणालीत दोनच नावं दिसली, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. मी विचार केला, पॉवरसेव्ह ठेवलं तर बिचारा कायम हळू चालेल आणि कॉपीला रात्र होईल. म्हणून परफॉर्मन्स लावला. ही माझी समजूत चुकीची होती, आणि ती पुष्कळांची असते. जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये (प्रोसेसर हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये) पॉवरसेव्ह म्हणजे खरोखर सर्वांत कमी वेगाला बांधून ठेवणं. पण इंटेलच्या आताच्या प्रोसेसरांवर लिनक्सचा इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर असतो, आणि त्यात त्याच नावाचा अर्थ वेगळा: काम आलं की वेग चढव, संपलं की उतरव. काम पडलं की हा पॉवरसेव्हवरसुद्धा ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. किती उत्साहाने चढायचं, त्याची कळ वेगळी आहे, तिला ऊर्जा-प्राधान्य म्हणतात. आम्ही ती समतोलाकडून बचतीच्या बाजूला एक घर सरकवली.

दोन्ही गव्हर्नरांवर एकच १२८ जीबीचं कार्ड मी तीन-तीन वेळा उतरवून पाहिलं. दोन्हीकडे सेकंदाला ११२ मेगाबाइट. तिथे आडवी येते ती गिगाबिट नेटवर्कची तार, प्रोसेसर नव्हे. निवांत असताना फरक जेमतेम एक वॉट, कारण झोपलेल्या कोअरला वेग कसला. पण फोटोंची लहान चित्रं तयार होत असताना, म्हणजे मधल्या हलक्या कामात, परफॉर्मन्सवर सहा-सात वॉट जास्त जात होते, आणि काम संपायला तेवढाच वेळ. कारण सरळ आहे. वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी फार मोठी किंमत मोजली जाते. परफॉर्मन्स मी त्याच दिवशी काढला.

गाढ झोपेतून उठायला वेळ लागतो त्याचं काय, असं भावाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सर्वांत खालच्या पायरीवरून जाग यायला काही शे मायक्रोसेकंद लागतात. आमच्या फिरत्या डिस्कला नुसतं डोकं जागेवर न्यायला ८-१० मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्याच्या कितीतरी पट. तिथे प्रोसेसरची जाग कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये सगळं एनव्हीएमईवर असतं आणि एक वाचन १०० मायक्रोसेकंदांच्या आत होतं, तिथे हाच उशीर वाचनाइतका किंवा त्याहूनही मोठा होतो. म्हणून तिथले लोक पुष्कळदा खोल सी-स्टेट मुद्दाम बंद ठेवतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबर असतं. इंटरनेटवरचा 'सी-स्टेट बंद करा, वेग वाढवा' हा सल्ला बहुधा तिकडून येतो. फिरत्या डिस्कच्या घरगुती डब्याला तो लावू नका.

प्रोसेसर निजला की मग डिस्क दिसायला लागतात. फिरत असताना प्रत्येकी ५ वॉट, चार मिळून २०, म्हणजे ३० पैकी दोन तृतीयांश. त्या निजवायच्या तर सगळ्या एकदम उठणार नाहीत अशी मांडणी हवी. रेड ५ या डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीत एक फाइल सगळ्या डिस्कवर वाटलेली असते, म्हणून नातवाच्या मुंजीचा एक फोटो बघायला चारही डिस्क फिरायला लागतात. आम्ही मर्जरएफएस (वेगवेगळ्या डिस्क एकच असल्यासारख्या दाखवणारं) आणि स्नॅपरेड (पॅरिटी सांभाळणारं) घेतलं. फाइल अख्खी एकाच डिस्कवर राहते, चौथ्या डिस्कवर पॅरिटी, म्हणजे बाकी तिघींवरून काढलेला ताळा. तीनपैकी एक डिस्क मेली तर उरलेल्या दोन आणि चौथी मिळून तिच्यावरचं परत बांधता येतं. जे हवं तीच डिस्क उठते, बाकीच्या निजलेल्या. अर्ध्या तासात काही हालचाल नसेल तर ती परत निजते.

चारही निजल्या की मीटरवर १३ वॉट. पहिल्यांदा तो आकडा बघितला तेव्हा मी मीटर काढून दिव्याला लावून बघितला, बिघडला नाही ना म्हणून.

एक अडचण मात्र आठवडाभर छळत होती. डिस्क निजायच्या आणि अर्ध्या तासाने आपोआप उठायच्या. प्रणाली डिस्कची तब्येत तपासायला ठराविक वेळाने जागी करत होती. स्मार्टच्या पानावर निजलेल्या डिस्कला उठवू नको असा पर्याय आहे, तो निवडला की झालं. हे आधी माहीत असतं तर आठवडा वाचला असता.

स्नॅपरेडची उणीव स्पष्ट सांगते, कारण ती आपल्या कामाशी थेट भिडते. पॅरिटी त्याच क्षणी होत नाही, सांगितलेल्या वेळी होते. आमच्याकडे पहाटे तीनला. म्हणजे संध्याकाळी उतरवलेलं फुटेज पहाटेपर्यंत एकाच डिस्कवर असतं. म्हणून पहाटेचं काम संपल्याचा निरोप फोनवर येईपर्यंत मी कॅमेऱ्याची कार्डं पुसत नाही. हा नियम स्टुडिओत भिंतीवर लिहून लावला आहे. दर आठवड्याला ८ टक्के जुना डेटा तपासूनही होतो, म्हणजे तीनेक महिन्यांत सगळ्यावर एकदा नजर फिरते. ज्यांच्या फाइली दिवसभर बदलत राहतात, हिशेबाची किंवा दवाखान्याची प्रणाली वगैरे, त्यांनी हा मार्ग घेऊ नये.

पॉवर सप्लायबद्दल थोडं. ४५० वॉटचा आहे, आणि १३ वॉटवर तो कार्यक्षम नसतो. खोक्यावरची कार्यक्षमतेची मोहर इतक्या कमी भारावर तपासलेली नसते. लहान घेता आला असता, पण चार डिस्क एकदम उठताना प्रत्येकी क्षणभर वीसेक वॉट मागतात. तेवढी उसंत ठेवावी लागते.

बोर्डाला पंखा नाही, नुसता धातूच्या पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून कॅमेरे आम्ही कोरड्या कपाटात ठेवतो, पण डबा बाहेरच असतो. जुलैच्या दमट हवेतही तो कोमट राहिला. एसी त्या खोलीत आता लावत नाही.

काय आवडलं नाही तेही. मेमरीला एकच खाच, आणि अधिकृत मर्यादा १६ जीबी. मेमरीतली चूक ओळखणाऱ्या ईसीसी मेमरी बोर्ड घेत नाही, आणि मला त्याची हुरहुर आहे, कारण हे चित्रण पुन्हा होणारं नाही. पीसीआय-एक्सप्रेसच्या मार्गिका एकूण नऊच, त्यामुळे दोन-तीन वेगवान कार्डं लावायची स्वप्नं सोडावी लागतात. दोन-तीन जण एकाच वेळी डब्यावरूनच संकलन करणार असतील तर हा पुरणार नाही. निजलेली डिस्क उठायला दहाएक सेकंद लागतात, तेवढा वेळ संकलनाचा प्रोग्राम गोठल्यासारखा दिसतो. भाऊ पहिल्या महिन्यात दर वेळी घाबरून मला हाक मारायचा, आता थांबतो.

अकरा महिन्यांची सरासरी १७ वॉट, महिन्याला साधारण १२ युनिटं. पूर्वी १२१. शिवाय ६०० व्हीएचा छोटा यूपीएस डब्याशी बोलतो. बॅटरी उतरायला लागली की डबा स्वतः फाइली बंद करून नीट निजतो. जूनमधल्या पहिल्या वादळात घरी कुणी नसताना असं दोनदा झालं आणि एकही फाइल खराब झाली नाही.

यंदाही चिखलकाल्याच्या संध्याकाळी वीज गेली, चार तास. या वेळी आठ कार्डं होती. कॉपी चालू असताना डबा ३८ वॉटवर होता, पंखे आणि दिवे चालू होते, आणि शेवटचं कार्ड उतरलं तेव्हा इन्व्हर्टरच्या तीन दिव्यांतला एकच विझला होता. आई म्हणाली, आज कुणी ओरडलं नाही.

आता दुसरी प्रत भावाच्या सासुरवाडीला डिचोलीत ठेवायची आहे, कारण एका छपराखाली सगळं ठेवणं मला पटत नाही. तिथे याच प्रोसेसरचा बोर्ड, पण दोनच मोठ्या डिस्क, म्हणजे बोर्डावरची दोन पोर्ट पुरतील आणि कार्ड लागणारच नाही. भाच्याचा अंदाज आहे की डिस्क निजल्यावर तो १० वॉटच्या खाली जाईल. चवथीनंतर जोडणार आहोत. मोजून झालं की आकडे इथेच लिहीन.